जुव्यावरचे अबोल दिवस

मिरकरवाड्याच्या बंदरात आवडाबाईचा आवाज आधी पोचायचा आणि आवडाबाई मागून. पहाटे लाँची लागू लागल्या की जेटीवर जो कल्ला उठतो, त्यात कितीतरी बायकांचे आवाज एकमेकींत विरघळून जातात. आवडाबाईचा मात्र पाण्यावर तेल तरंगावं तसा वर राहायचा. लिलावात ती बोली बोलली की टोपल्यांवर वाकलेली माणसं मान वर करत. मच्छी मार्केटात तिने "सौंदाळे घ्या गो, आताच उतरलेले सौंदाळे" अशी हाक घातली, की समोरच्या औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या बायका चिठ्ठी तिथेच ठेवून आत शिरत.

लग्न होऊन आल्यावर वर्षाच्या आत तिने पाटी डोक्यावर घेतली होती. नवरा बाबल्या लाँचीवर खलाशी होता, पुढे लाँच चालवणारा तांडेल झाला. तो समुद्रावर, ती बाजारात, असाच त्यांचा संसार झाला. मुलगा मितेश मोठा झाला, बापामागे लाँचीवर गेला, त्याचं लग्न झालं, बाबल्या आजारपणात गेला. ह्या सगळ्यात मार्केटातली तिची जागा फारशी कधी रिकामी राहिली नाही.

तो आवाज यंदा दत्तजयंतीच्या सुमाराला घोगरा झाला. आवडाबाईने हळद घालून दूध प्यायलं, ज्येष्ठमध चघळला, रात्री मफलर गुंडाळून झोपली. संक्रांतीपर्यंत आवाजाचे पार तुकडे झाले. "सौंदाळे" म्हणायला गेलं की "सौं" एवढंच बाहेर यायचं आणि पुढचं घशातच कुठेतरी अडकायचं. तेव्हा सून नेत्रा तिला धरून कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी नळीने घसा तपासला आणि खुर्ची जवळ ओढून सांगितलं, "मावशी, सारखं वजन उचललं की तळहाताला घट्टे पडतात ना, तसे तुमच्या आवाजाच्या पडद्यांवर पडलेत. लगेच ऑपरेशन नको करूया. आधी त्यांना विश्रांती देऊ. आठवडाभर अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने उलट जास्त ताण पडतो."

"मग येईल ना आवाज परत?" नेत्राने विचारलं.

"येईल. पण अगदी पहिल्यासारखा येईल, असं आत्ता सांगू शकत नाही."

आवडाबाई ऐकत होती. ऑपरेशन तिला कळलं, घट्टे कळले. 'विश्रांती' हा शब्द मात्र तिने दूरच्या कुठल्यातरी गावाचं नाव ऐकावं तसा ऐकला.

घरी तिच्याने एक दिवससुद्धा गप्प राहवलं नाही. मिरकरवाड्यातली घरं एकमेकांना खेटून, येणारी-जाणारी दारात थांबून विचारायची, "आवडे, काय झालं गो घशाला?" आणि काय झालं ते आवडाबाई सांगायला बसायची. दुसऱ्या दिवशी तर बर्फवाल्याने अर्धा वितळलेला बर्फ उतरवला म्हणून ती दारातून त्याच्यावर ओरडायला गेली. ओरडण्याऐवजी नुसती शिट्टीसारखी हवा निघाली आणि डोळ्यांत पाणी आलं. त्या संध्याकाळी नेत्रा मितेशला म्हणाली, "आई इथे राहिल्या तर बोलणारच. त्यांना कुठेतरी लांब ठेवायला हवं."

मितेश जाळं शिवत बसला होता. हातातली सुई न थांबवता म्हणाला, "जुव्यावर पाठवूया. गोदाआत्याकडे."

खाडीच्या पोटात जे बेट असतं त्याला ह्या बाजूला जुवं म्हणतात. जयगडच्या खाडीत बरंच आत गेलं की माडजुवं लागतं. बाबल्या तिथला. म्हणजे खरं तर ते आवडाबाईचं सासर. पण लग्नानंतरचे पहिले थोडे महिने सोडले तर ती तिथे राहिलीच नव्हती. बाबल्या कामासाठी मिरकरवाड्यात आला, पाठोपाठ ती आली, आणि नंतर जुव्यावर जाणं झालं ते शिमग्याला पालखीपुरतं नाहीतर कुणाच्या दिवसकार्याला. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. घरात आता बाबल्याची थोरली बहीण गोदा एकटी राहत होती. तिचं लग्न पैलतीरावर झालं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरी परत आली आणि आईवडिलांचं सगळं करून तिथेच राहिली.

आवडाबाईने हातवारे करून पुष्कळ विरोध केला. मार्केटच्या दिशेने बोट दाखवलं, पाटी उचलल्यासारखं केलं, कपाळावर हात मारून घेतला. नेत्रा म्हणाली, "मी बसते तुमच्या जागेवर. कंपनीत रजा टाकलीय." नेत्रा मिरजोळ्याला मासळी पॅक करायच्या कंपनीत होती. तिला मासळी कळत होती, पण तिचा आवाज इतका मऊ, की घरात हाक मारली तरी दोनदा मारावी लागे. आवडाबाईने सुनेकडे बघितलं आणि परत कपाळावर हात मारला. ह्या वेळेचा अर्थ वेगळा होता. तो नेत्राला कळला आणि ती हसली.

एसटी मालगुंड सोडून पुढे निघाली तसा खिडकीतून आंब्याच्या मोहोराचा वास यायला लागला. नेत्रा बरोबर होती. धक्क्यावर हरिश्चंद्र होडी घेऊन थांबला होता. जुव्यावरून माणसं ने-आण करायचं काम त्याच्याकडे. त्याने आवडाबाईची पिशवी घेतली आणि म्हणाला, "मितेशचा फोन आला होता, वयनी. तुमाला बोलायचं नाय म्हणे. मग मी पण काय इचारत नाय."

नेत्रा धक्क्यावरूनच परत फिरली. होडी पाण्यात शिरली. पहिल्यांदा इंजिनाचा आवाज होता. मग मधल्या उथळ पाण्यात हरिश्चंद्राने ते बंद करून काठी घेतली आणि एकदम कानात कापूस घातल्यासारखं झालं. काठी चिखलात रुतल्याचा, निघाल्याचा एवढाच आवाज. दोन्ही बाजूंनी कांदळाची झाडं पाण्यावर वाकलेली, त्यांच्या मुळांवर भरतीची ओली रेघ. एक बगळा होडी अगदी जवळ येईपर्यंत उभा राहिला आणि मग उडायचं म्हणून उडाला. आवडाबाईला वाटलं, आपण मघापासून काहीतरी विसरलोय. काय ते तिला आठवेना.

गोदा काठावर उभी होती. चार-पाच वर्षांनी आवडाबाईपेक्षा मोठी, पण अंगाने काटक, ताठ, केस अगदी पांढरे. तिने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, तांब्यातलं पाणी पायांवर ओतलं आणि म्हणाली, "ये गो आवडे. सासरी आलीस एकदाची."

माडजुव्यावर बारा-पंधरा घरं, त्यातली निम्मी बंद. माणसं मुंबईला. रस्ता नाही, त्यामुळे गाडी नाही; घराघरांमधून चिऱ्यांच्या गडग्यांच्या कडेने जाणाऱ्या पायवाटा, त्यांवर माडांच्या झावळांची सावली. वीज होती. मोबाईलला रेंज मात्र फक्त देवळामागच्या फणसाखाली, तीही वारा असेल तशी. गोदाचं घर काठापासून थोडं वर, मंगलोरी कौलांचं, दारापुढे शेणाने सारवलेलं स्वच्छ खळं, कडेला गोड्या पाण्याची विहीर. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये ही विहीर गोड कशी, ह्याचं आवडाबाईला नवी नवरी असताना नवल वाटायचं, ते तिला विहिरीत वाकल्यावर आठवलं.

पहिल्या दिवशी गोदा बोलत सुटली. एकटं राहून तिला कोंबड्यांशी, फणसाशी, चुलीतल्या ओल्या लाकडाशी बोलायची सवय होती. आता तर समोर माणूस बसलेलं, तेही मध्येच न तोडणारं. कुणाच्या घराचं कौल माकडांनी काढलं, कुणाची मुलगी दुबईला गेली, पंचायतीने बांधलेली जेटी उलट्या बाजूला कशी झाली. आवडाबाई मान हलवत राहिली. दर थोड्या वेळाने तिचं तोंड उघडायचं आणि तिचीच बोटं ओठांवर यायची. बोलणं दाबून धरणं म्हणजे काय असतं हे तिला ह्या वयात कळत होतं. छातीत शब्द साचत होते आणि ती गरम पेजेचा घोट घेऊन ते खाली ढकलत होती.

दुसऱ्या दिवशी गोदा करांद्याचे कंद उकडायला घालून बाहेर आली, बोलायला सुरुवात केली आणि वाक्याच्या मध्येच थांबली.

"मलाच कसंतरी वाटतंय गो," ती म्हणाली. "समोरचं माणूस गप, आणि मी आपली मिक्सरसारखी चालूच. आज मी पण गप राहून बघते."

आणि ती खरंच गप्प झाली.

मग जुव्यावरचा दिवस आवडाबाईला ऐकू यायला लागला. ओहोटीला काठ उघडा पडला की चिखल पुटपुटतो, हजार बारीक तोंडांनी. ते चिखलातले किडे आणि खेकडे असतात हे तिला ठाऊक होतं, तरी ऐकताना वाटायचं, कुणीतरी पलीकडच्या खोलीत पोथी वाचतंय. भरती आवाज न करता यायची. बघता बघता चिखलाची जागा पाण्याने घेतलेली असायची, आणि पाण्यात माड उलटे उभे. दुपारी वारा पडला की झावळसुद्धा हलत नसे. मार्केटात दुपार म्हणजे वितळलेला बर्फ, माश्या आणि उरलेल्या मालाची घाई. ही दुपार मात्र कुणाचीच नव्हती, कुणाला ती हवीच नव्हती.

त्या दुपारी आवडाबाई पडवीत चटईवर टेकली आणि झोपली. बाळंतपण सोडलं तर ती दिवसा कधी झोपली नव्हती. स्वप्नात तिला मार्केट दिसलं. सगळ्या बायका आपापल्या जागी, सगळ्यांची तोंडं उघडी, पण आवाज नाही. मग दारातून पाणी आत यायला लागलं, हळूच, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. पाट्यांतली मासळी पाण्याला लागली तशी हलली, शेपट्या झटकल्या आणि एक एक करून दाराबाहेर निघाली. सौंदाळे गेले, बांगडे गेले, पापलेटं तर थव्याने गेली. बायका बघत राहिल्या आणि कुणालाच काही वाईट वाटलं नाही. कोपऱ्यात बर्फाच्या पेटीवर बाबल्या जाळं शिवत बसला होता. त्याने मान वर केली नाही. तिला हाक मारायची होती, पण स्वप्नातही तिला आठवलं, की आपल्याला बोलायचं नाही. म्हणून ती जाऊन त्याच्याशेजारी नुसती बसली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अंगावर गोदाने लुगडं टाकलं होतं. आवडाबाई उठली नाही. छताच्या वाशांकडे बघत पडून राहिली आणि तिच्या मनात बाबल्या घोळत राहिला.

तो अबोल माणूस. लाँचीवरून आला की आंघोळ करायचा, जेवायचा आणि ती दिवसभराचं सांगायला बसली की थोडा वेळ ऐकून बाहेर गल्लीत जाऊन बसायचा. एकदा कुणाच्यातरी लग्नात पंगतीत ती मोठमोठ्याने बोलत होती, तर त्याने शेजारून म्हटलं होतं, "जरा हळू." एवढंच. रागाने नाही, काही नाही. पण ते तिच्या मनात बसलं ते बसलंच. आपला आवाज नवऱ्याला सोसत नाही, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं. ज्या आवाजावर तिने घर पोसलं, तोच घरात नको आहे, ही सल तिने कुणाला सांगितली नव्हती. तो गेला तेव्हा रडतानाही, आवाज फुटला की, तिला मध्येच ते 'जरा हळू' आठवायचं आणि ती पदर तोंडात कोंबायची.

संध्याकाळी दोघी काठावर जाऊन बसल्या. पलीकडच्या कांदळातून पाणमांजरं निघाली, मोठं एक आणि लहान दोन. चिखलावरून घसरत पाण्यात जायची, परत वर चढायची, परत घसरायची. काही कामाचं नव्हतं ते. गोदाने हसून बोट दाखवलं. आवडाबाई पण हसली. अंधार पडेपर्यंत त्या बसल्या आणि घरी येऊन पेज जेवून झोपल्या. असेच मग दिवस गेले. किती गेले ते आवडाबाईने मोजायचं सोडून दिलं. छातीत साचणारे शब्द कमी झाले. पहिल्यांदा ते कुठे गेले म्हणून तिला भीती वाटली, मग तेही वाटेनासं झालं.

एका सकाळी उठली तर गोदा घरात नव्हती. चुलीवर पाणी तापत होतं, कोयती जागेवर नव्हती. ओहोटी होती, गोदा छोटी होडी घेऊन मधल्या खडकांवर चिकटलेली शिंपल्यांतली कालवं काढायला गेली असणार. आदल्या दिवशी तिने खुणेने तसं सांगितलंही होतं. आवडाबाई तोंड धुऊन काठावर आली आणि थांबली.

खाडी नव्हती. पांढरं धुकं खळ्याच्या कडेपर्यंत आलं होतं. पायाखालचा चिखल दिसत होता, हातभर पाणी दिसत होतं, आणि पुढे काहीच नाही. पैलतीर नाही, खडक नाहीत, आभाळ नाही. खांबाला बांधलेली हरिश्चंद्राची होडीसुद्धा नव्हती. तो पहाटेच माणसं घेऊन पलीकडे गेला होता आणि तिकडेच अडकला असणार.

आवडाबाईला आधी ते बघून छानच वाटलं. ती उभी राहिली. मग तिने पाण्याकडे बघितलं. पाणी चढत होतं. भरती लागली होती. खडक आता बुडायला लागले असतील, आणि गोदा निघाली असली तर ती कुठल्या दिशेला वल्हवतेय हे तिचं तिला तरी कळत असेल का? भरतीचं पाणी होडीला आत ओढतं. आत खाडी फुटत जाते, कांदळात शिरलं की वाट सापडत नाही. गोदा काटक असली तरी सत्तरीला आली होती.

आवडाबाईने छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली.

"वन्सं" असं तिला म्हणायचं होतं. बाहेर आली ती नुसती हवा. तिने परत प्रयत्न केला. घशात काहीतरी खरवडलं, आणि बस्स. इतके दिवस ती मुद्दाम गप्प होती. दार आपण लावलंय, कडी आपल्या हातात आहे, अशी तिची समजूत होती. आता दार उघडायला गेली तर पलीकडे कुणी नव्हतंच.

पण ती बंदरावरची बाई. ती तशीच वळली, धावत घरात गेली, भिंतीला टेकवलेली पितळी परात उचलली, चुलीजवळची पळी घेतली आणि काठावर येऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून परात बडवायला लागली.

आवाज धुक्यात शिरला. ती थोडा वेळ बडवायची, मग थांबून कान द्यायची. काही नाही. परत बडवायची. वरच्या घरातली म्हातारी माणसं दारात आली असतील, पण तिला मागे बघायचं भान नव्हतं. पाणी पोटऱ्यांना लागलं. हाताला कळ आली म्हणून तिने हात बदलला. मग एकदा थांबली तेव्हा वल्ह्याचा आवाज आला, चुबुक, चुबुक. समोरून नाही, चांगलाच डाव्या अंगाने, जिथे गोदा असायचं काही कारणच नव्हतं. आवडाबाई त्या बाजूला तोंड करून बडवत राहिली, आणि धुक्यातून आधी होडीचं नाक, मग गोदाचं पांढरं डोकं बाहेर आलं.

"पुरे गो," गोदा म्हणाली. "परातीला पोचे येतील."

आवडाबाईने परात पाण्यातच टाकली. तिला रागाने बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. तिने होडीची कड धरली आणि दुसऱ्या हाताने पाण्यावर फटका मारला. दोघी भिजल्या.

"रागावलीस," गोदा म्हणाली. "बरोबर हाय तुझं. काठ उजव्या हाताला असंल म्हणून मी वल्हवत होते आणि पाणी काय संपतच नव्हतं. मंग थांबले. म्हटलं, आता धुकं वर चढंपर्यंत बसायचं, जाऊ तिकडे जाऊ. आणि तेवढ्यात परात ऐकली."

घरी येऊन गोदाने कपडे बदलले, चुलीपुढे हात शेकले आणि कालवांची टोपली मध्ये घेऊन बसली. आवडाबाई समोर बसली. कोयतीच्या टोकाने ती एक एक कालव फोडत होती. मान खालीच ठेवून ती म्हणाली,

"बाबल्या पण असंच सांगायचा. धुक्याचं."

आवडाबाईने बघितलं.

"शिमग्याला यायचा ना, तेव्हा. इथेच, चुलीपाशी बसायचा. आम्ही दोघं भावंडं, मला तो सांगायचा काय काय. थंडीत बंदराच्या तोंडाशी धुकं धरतं म्हणे, दिवा दिसत नाय. खलाशी म्हणायचे, भोंगा वाजवूया. तर हा म्हणायचा, थांबा, आधी इंजिन बंद करा. सगळ्यांनी गप बसायचं. मंग ऐकत राहायचा. आणि जेटीवर तू कुणाशीतरी भांडत असायचीस."

गोदा हसली. कालव पातेल्यात टाकलं.

"तुझा आवाज आला की बोट करायचा. बंदर त्या अंगाला, म्हणायचा. कधी चुकलं नाय म्हणे."

चुलीतलं लाकूड खाली बसलं.

"पुढे लाँचीवर ते मशीन आलं, रस्ता दाखवणारं. मी त्याला म्हटलं, आता बरं झालं, आता धुक्याची भीती नाय. तर म्हणाला, नाय गो आका, मी अजून बंद करतो इंजिन. म्हटलं, कशाला? तर नुसता हसला." गोदाने मान वर केली. "तुला हे कधी बोलला नाय?"

आवडाबाईने नकाराची मान हलवली.

"त्याचं असंच," गोदा म्हणाली. "जिथे सांगायचं तिथे नाय सांगायचा."

आवडाबाईला हजार गोष्टी विचारायच्या होत्या. कधी म्हणाला, कसा म्हणाला, तोंड कसं होतं त्याचं, आणि मग पंगतीत तो तसं का म्हणाला. तिने हाताने कानाला खूण केली, मग गोदाकडे बोट केलं, मग बोटं गोल फिरवली: अजून? अजून काय म्हणाला?

"अजून काय गो," गोदा हळूच म्हणाली. "एवढंच."

मग आवडाबाई रडली. आवाज नव्हताच, त्यामुळे पदर तोंडात कोंबायची गरज पडली नाही. गोदाने तिला उगी केलं नाही. ती कालवं फोडत राहिली, आणि सगळी संपल्यावर आमसूल घालून त्यांचं कालवण करायला उठली. बाहेर धुकं वर चढत होतं. आधी खळं सुटलं, मग पाणी, मग पैलतीराची हिरवी रेघ. जेवण झाल्यावर दोघी पडवीत आडव्या झाल्या आणि उन्हं खाली येईपर्यंत झोपल्या.

नेत्रा न्यायला आली त्या दिवशी आवडाबाई विहिरीवर पाणी शेंदत होती. नेत्राला दुरून ती ओळखूच आली नाही. सासू कधी इतकी सावकाश चालताना तिने बघितली नव्हती. निघताना गोदाने करांद्यांची पिशवी बांधून दिली आणि होडी सुटेपर्यंत काठावर उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी "आ" म्हणायला सांगितलं. आवडाबाईने म्हटलं. आवाज आला, खालचा, जाडसर, थोडा वाळू मिसळल्यासारखा. पुढे महिनाभर व्यायाम केले, अजून थोडा मोकळा झाला. ऑपरेशन लागलं नाही. पण पूर्वीचा तो, तेलासारखा वर तरंगणारा आवाज परत आला नाही, आणि येणार नाही हे डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं.

पहिल्या दिवशी मार्केटात गेली तेव्हा तिला ते जड गेलं. तिच्या जागेवर नेत्रा बसलेली. नेत्रा हाक घालतच नव्हती. सकाळी माल उतरला की ती फोनवर फोटो काढून ठरलेल्या गिऱ्हाइकांना पाठवायची, आणि बायका येऊन नाव घेऊन मागायच्या. आवडाबाई थोडा वेळ उभी राहून बघत राहिली. मग शेजारी पाट ओढून बसली आणि सौंदाळे साफ करायला घेतले. गिऱ्हाईक आलं की नेत्राच्या कानाशी वाकून सांगायची, "हिला मोठं नको, दोघंच हायत घरात." नेत्रा कंपनीत परत गेलीच नाही, लिलावाला पहाटे तीच जाऊ लागली. तिथे ओरडावं लागतं. नेत्रा ओरडत नाही, बोट वर करते आणि ते वरच ठेवते. पहिल्यांदा लोक हसले. आता हसत नाहीत.

एका संध्याकाळी मितेश जेवत असताना आवडाबाईने त्याला विचारलं, तुझे बाबा धुक्यात इंजिन बंद करायचे का रे.

"करायचे ना," मितेश म्हणाला. "मी नवीन होतो तेव्हा. आम्हाला वाटायचं, इंजिन तापलंय म्हणून थंड करतायत." त्याने आईकडे बघितलं. "का गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "भात घे अजून."

आता मासेमारी बंद असते त्या दिवसांत, आणि अधेमधेही जेव्हा नेत्रा म्हणते तेव्हा, आवडाबाई जुव्यावर असते. एसटीने एकटी जाते. हरिश्चंद्र तिला हल्ली सगळं विचारतो आणि ती थोडक्यात सांगते. गेल्या खेपेला ती गोदाबरोबर कालवांना गेली होती. खडकावर बसून दोघी कालवं सोडवत होत्या, तर गोदा म्हणाली, "आता तुला बोलायला मोकळीक हाय ना? मंग बोल की कायतरी. मीच किती बोलू."

आवडाबाईने विचार केला. तिला खरंच काही सुचेना.

"पाणी निवळ आहे आज," शेवटी ती म्हणाली.

दोघींनी पाण्यात बघितलं. तळाची वाळू दिसत होती, तिच्यावरून उन्हाच्या रेघा सरकत होत्या, आणि काळुंदर माशांची लहानशी पोरं त्या रेघांतून आत-बाहेर करत होती. होडी दोरीला लागून हळूहळू फिरत होती. भरती लागायला अजून वेळ होता.